आधी समोरच्याचं म्हणणं

आमच्या भागात कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. ती किराणा दुकानाच्या माडीवर भरत असो की एखाद्या माजी सरपंचाच्या गोदामात, तिथे नन जन्मात कुणी पाहिलेली नसो, पोरगं टाय लावून ऑटोत बसलं की ते कॉन्व्हेंटला जातं. माझी मुलगीही अशाच एका कॉन्व्हेंटला जायची. तिचा टाय मी स्वतः बांधून द्यायचो आणि ऑटो वळेपर्यंत दारात उभा राहायचो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्या शाळेत एक पुठ्ठ्याची पाटी होती. वर्गात जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची, आणि दुसरा कुणी मराठी बोलताना सापडेपर्यंत ती उतरायची नाही. मुलगी तेव्हा दुसरीत. घरी आम्ही सगळे पक्के वऱ्हाडी, इंग्रजी फक्त औषधाच्या बाटलीवरचं. तिनं त्यावर आपल्या परीनं उपाय काढला, बोलायचंच नाही. हळूहळू घरीही ती मान हलवून काम भागवायला लागली. बायको म्हणायची, थकून येते बिचारी. मी म्हणायचो, मुलगी गंभीर होऊन राह्यली, अभ्यासाचं लक्षण आहे.

मग एका दुपारी ऑटोवाल्यानं तिला दारात उतरवलं तेव्हा तिचा फ्रॉक ओला होता. बाहेर ऊन पडलेलं. बाहेर जाऊ का, हे इंग्रजीत कसं विचारायचं ते तिला आठवलं नव्हतं, आणि मराठीत तिला विचारायचं नव्हतं. हे तिनं सांगितलं नाही, ऑटोतल्या दुसऱ्या मुलीनं सांगितलं. मी तसाच सायकलवर टांग टाकून शाळेत गेलो आणि तिथल्या मुख्याध्यापकांशी कडाकडा भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "शिस्त लागेपर्यंत थोडं होतंच." दुसऱ्या दिवसापासून मुलगी घरी बसली. शाळा सुटली तरी बोलणं काही परत आलं नाही. सात वर्षांची पोर, आणि दिवसभरात तिच्या तोंडून दहा शब्द येईनात.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळचा आहे म्हटलं की बाहेरचा माणूस लगेच चेहरा पाडायचा आणि हलक्या आवाजात बोलायला लागायचा, जसा काही मी आत्ताच स्मशानातून आलो. त्या वर्षांत जे झालं ते झालं, मी नाकारत नाही. पण आमच्या घरात त्या काळात एकच काळजी होती, ही पोर बोलेल कधी.

मी कापसाचा ग्रेडर होतो. आधी खरेदी केंद्रावर, मग तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. ग्रेडरचं काम थोडक्यात सांगतो, कारण मला दुसरं काही येत नाही. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, येऊन उभी राहिली की वरचा कापूस पाहायचा नाही. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा असतो. बाही वर करायची, बंडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि मधली मूठ काढायची. मग ती नाकाशी धरायची, ओलावा पाहायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा. शेतकरी शिव्या द्यायचे, पण मनातून त्यांनाही पटलेलं असायचं.

शाळाही मी तशीच निवडायची ठरवली. बायको अंगणवाडीत काम करायची. तिला यवतमाळची कॉम्प्युटरवाली मोठी शाळा हवी होती, तिथे बहिणीकडे राहील म्हणाली. मी तिथे गेलो. चहा दिला, ट्रॉफ्या दाखवल्या, एक पोरगी बोलावून तिच्याकडून इंग्रजीत भाषण म्हणवून घेतलं. मी म्हटलं, ही तुमची वरची मूठ झाली, आता मला वर्गाच्या मधल्या बाकावरचं कोणतंही मूल भेटवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा अर्धाच ठेवून निघालो. अशा आणखी दोन शाळा पाहिल्या. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही शाळा पाहून राह्यले का कापूस घेऊन राह्यले?"

चौथी शाळा आमच्याच गावाबाहेर होती, इतकी जवळ की तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. टिनाचं छप्पर, कडुनिंबाची झाडं, मागे छोटं चर्च. ही मात्र खरी कॉन्व्हेंट, चार नन चालवायच्या. कुणाचं अनुदान नाही, कुणाचा हुकूमही नाही. कॉम्प्युटर नाही, टायही नाही. मुलं दर आठवड्याला एक कविता पाठ करायची, मराठी किंवा इंग्रजी, आणि जुन्या राजांच्या गोष्टी मोठ्यानं वाचायची. सकाळी थोडी लॅटिन गाणी. भूमिती अंगणात, खुंटी आणि दोरी घेऊन. गावात या शाळेची थट्टाच व्हायची, की तिथे पोरं मागच्या जमान्यात जातात.

मोठ्या सिस्टर साठीच्या, मूळच्या दक्षिणेकडच्या, पण मराठी शुद्ध बोलायच्या, माझ्यापेक्षा तर नक्कीच. मी मधल्या मुठीचं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "वर्गात जा आणि तुम्हीच निवडा." मी तिसऱ्या बाकावरची एक तेलकट वेण्यांची मुलगी निवडली. तिला विचारलं, तुला या शाळेत काय आवडत नाही?

"लॅटिन," ती म्हणाली. "पण गाताना आवडते." मग तिनंच मला विचारलं, "तुम्ही हे काहून विचारून राह्यले?"

वर्गात सिस्टर उभ्या होत्या आणि मुलगी वऱ्हाडीत परक्या माणसाला सवाल करत होती. कुणी तिच्या गळ्यात काही अडकवलं नाही. माझी निवड तिथेच झाली होती, पण घरी माझे वडील होते.

वडील तरुणपणी बोरी अरबहून चालत आणि मिळेल त्या गाडीनं नागपूरला गेले होते, धम्मदीक्षा घ्यायला. घरातले जुने देव त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले. त्यांना सगळे आबाजी म्हणायचे, मुलगीही. चर्चच्या शाळेचं नाव काढताच ते जेवता जेवता थांबले.

"एक देव मी सोडला," ते म्हणाले, "तं नातीले दुसऱ्या देवाच्या दारात कायले नेऊन राह्यला तू?"

मी म्हटलं ती फक्त शाळा आहे. ते म्हणाले, फक्त शाळा असं काही नसतं. मी आवाज चढवला, त्यांनी ताट सरकवलं. तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. घरात आता आणखी दोन माणसं मुकी झाली, बायको म्हणाली, मी एकटी कोणाशी बोलू? शेवटी आबाजी स्वतःच कोट घालून निघाले. म्हणाले, त्या बाईलेच विचारतो. मी मागे मागे गेलो, भांडण सोडवायला माणूस लागेल म्हणून.

आबाजींनी सिस्टरांसमोर बसायच्या आधीच सुरुवात केली. बराच वेळ बोलले. सिस्टरांनी मधे एक शब्द टाकला नाही. ते थांबल्यावर म्हणाल्या, "आमच्या शाळेत एक रीत आहे. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो 'हो, हेच' म्हणाला तरच आपलं बोलायचं. मुलांना लागू आहे तर मलाही आहे. तुमचं म्हणणं असं, की आम्ही तुमच्या नातीला ख्रिस्ती करू अशी तुम्हाला भीती आहे."

"नाई," आबाजी म्हणाले. "थे भीती नाई."

सिस्टर विचारात पडल्या. मीही पडलो, कारण तीन दिवस मी याच भीतीशी भांडत होतो.

"मग असं का," सिस्टर सावकाश म्हणाल्या, "की तुम्ही जो धर्म सोडला तो स्वतः विचार करून सोडला, आणि जो घेतला तोही विचार करून घेतला. नातीनं मात्र काहीतरी विचार न करता, नुसतं रोज कानावर पडतं म्हणून घेऊ नये?"

आबाजी खुर्चीत नीट बसले. "हो," म्हणाले. "हेच. आता तुमचं सांगा."

सिस्टरांनी काही लपवलं नाही. सकाळी प्रार्थना होते, सगळे उभे राहतात, हात जोडायचे की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं, म्हणाल्या. "आणि मोठी झाल्यावर ती याच गोष्टीवरून माझ्याशी भांडायला आली, तर मला फार आवडेल." परत येताना आबाजी रस्त्यात एवढंच म्हणाले, "बाई चांगली हाय. टाक पोरीले." त्यांचं म्हणणं मुलगा असून मला कळलं नाही आणि एका परक्या बाईला दुसऱ्या फेरीत कळलं, याची मला लाजही वाटली आणि हायसंही वाटलं.

मुलगी जायला लागली, पण बोलली नाही. दिवाळी आली, गेली, कापूस घरात आला. कविता पाठ व्हायच्या, पाटीवर लिहून दाखवायची, म्हणायची नाही. मी दर पंधरा दिवसांनी सिस्टरांना जाऊन विचारायचो. त्या म्हणायच्या, ऐकते आहे ती, ऐकू द्या. मला वाटायचं या माझी समजूत काढून राह्यल्या. वाद घालायचं शिकवणाऱ्या शाळेत मुकी पोर टाकणारा मीच एक शहाणा, असं मी बायकोला म्हणालोही.

जानेवारीत एकदा सिस्टरांनी मला फाटकातच थांबवलं. शनिवारी वर्गात वाद होता. शाळेच्या गाभण मांजरीला दूध द्यावं, की तिनं आपले उंदीर पकडून खावेत. सगळ्यांसारखं माझ्या मुलीचंही काही म्हणणं आहे असं सिस्टरांनी धरलं, आणि तिचं म्हणणं सांगायचं काम त्या तेलकट वेण्यांच्या मुलीला दिलं. ती म्हणाली, हिले वाटते मांजरीले दूध द्यावं. माझ्या मुलीनं मान हलवली, नाही. मग हिले वाटते नाई द्यावं. पुन्हा नाही. हिले वाटते मांजरच नको. तेव्हा माझी मुलगी बाकावरून उठून म्हणाली, "असं नाई माह्यं म्हणणं! पिल्लं व्हईस्तोर द्या, मंग नोका देऊ." ती तेलकट वेण्यांची मुलगी म्हणाली, हां, हेच. हे सांगताना सिस्टरांचे डोळे भरले होते. माझेही भरले. फाटकाशी शिपाई उभा होता म्हणून मी सायकलची चेन तपासत खाली बसलो.

पुढच्या वर्षी आमची जिनिंग बंद पडली. उमरखेडच्या एका मालकानं बोलावलं, कायमचं काम, राहायला खोली. मी लगेच ठरवलं, सगळ्यांनी जायचं. एका रविवारी सकाळी ओट्यावर बसून मी हे जाहीर केलं. तिथेही चांगल्या शाळा आहेत, म्हणालो, माणसानं कामामागे जावं लागतं. बायको तूर निवडत होती, तिनं मान वर केली नाही. आबाजी पेपर वाचत होते. ते काही म्हणणार नव्हते, घर माझ्या कमाईवर चालतं हे त्यांना माहीत होतं.

मुलगी पायरीवर होती. म्हणाली, "बाबा, तुमचं म्हणणं मी सांगू?"

मी म्हटलं, सांग.

"इथली जिनिंग बंद झाली. उमरखेडले काम हाय. घरातल्यांनी एका जागी राहावं." मग तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "आन् तुमाले एकट्यानं जायची भीती वाटते."

मला एकदम राग आला. भीती कसली, मी कुणाला भितो, असं ओठावर आलं होतं. त्या दोन वर्षांत माझ्या ओळखीच्या दोघांनी जीव दिला होता, दोघेही त्या दिवशी घरी एकटे होते. मी कुणाजवळ कधी हे बोललो नव्हतो. फक्त कामावरून परतताना घरात कुणी आहे ना, एवढं पाहायचो. ते पोरीनं कधी पाहिलं, कसं पाहिलं, मला अजून कळत नाही. बायकोचा हात सुपात तसाच राहिला. आबाजींनी पेपर खाली केला.

"हो," मी म्हटलं. "हेच."

उमरखेडला मी गेलो नाही, हे सांगून टाकतो. गावातच एका डाळ मिलमध्ये तूर पारखायला लागलो, पगार कमी, पण संध्याकाळी घरी. ते सगळं नंतर ठरलं. त्या क्षणी ती पायरीवरून उठली, फ्रॉक झटकला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता माह्यं ऐका," ती म्हणाली. "मले नाई जायचं."

मी माझ्या वडिलांना आयुष्यात इतकं सरळ 'नाही' कधी म्हटलेलं नाही. ते माझ्याच शेजारी बसले होते. तिनं कारणं सांगायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, बोटांवर मोजत. मी एकही नीट ऐकलं नाही. ती थांबू नये एवढंच मला वाटत होतं, आणि ती थांबली नाही.