वानवळ्यात गेलेली फी

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी आवाज चढवला होता, हे आज माझ्या विद्यार्थिनींना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. पण चढवला होता, आणि चांगलाच चढवला होता. तोही पेरूंसाठी!

नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं. देशाचं सोनं गहाण पडल्याचं पेपरात येत होतं. आम्हाला वाटलं, ते दिल्लीचं काय ते दिल्लीवाले बघतील. पण सरकारी तिजोरीत खडखडाट म्हणून आमची शिष्यवृत्ती अडकली. त्यात ऊस कमी म्हणून कारखान्याने त्या साली हंगामी कामगारांना बोलावलंच नाही, आणि माझे वडील, आमचे आण्णा, घरी बसले. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ऑफिसातल्या क्लार्कने सरळ सांगितलं, "शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल. आधी फी, मग परीक्षेचा फॉर्म." म्हणजे फी नाही तर वर्ष गेलं. आणि एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा कॉलेजात येते का कुठे? तिच्यासाठी स्थळं येतात.

माझा सगळा भरवसा 'कमवा आणि शिका'वर होता. राहात्याजवळच्या आमच्या कॉलेजची स्वतःची पेरूची बाग होती. आम्ही अठरा जण रोज सकाळी दोन तास तिथे खुरपायचो, पाणी द्यायचो, आणि महिन्याला पगार मिळायचा. त्यातूनच मी फी भरणार होते. आणि एका सकाळी बोर्डावर नोटीस! खर्च झेपत नाही, सबब बाग एकरकमी सौद्याने व्यापाऱ्याला उक्ती देणार, योजना बंद.

माझं डोकंच फिरलं. आम्ही सगळे तसेच मातीच्या हातांनी केबिनमध्ये घुसलो.

"सर, तंगी आली की पहिली कुऱ्हाड आमच्यावरच का?" मी म्हणाले. मागून कुणीतरी माझी ओढणी ओढत होतं. मी कशाची थांबते!

प्राचार्य शांत माणूस. त्यांनी विचारलं, "मग काय करायचं म्हणतेस?"

"बाग उक्ती देऊ नका. पेरू आम्ही विकतो."

हे मी आधी ठरवलं नव्हतं हो. तोंडातून निघून गेलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "व्यापारी सोमवारी येतोय. तोवर चार दिवस तुमचे. तुम्हा अठरा जणांचा एका महिन्याचा पगार पेरू विकून उभा करा. जमलं तर बागही तुमची, योजनाही चालू. नाही जमलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

काय सांगू त्या पहिल्या दिवसाचा आनंद! थंडी मी म्हणत होती, तरी उजाडायच्या आत सगळे बागेत हजर. देठाला दोन-दोन पानं ठेवून पेरू तोडायचे, म्हणजे ताजे दिसतात. टोपल्या भरून आम्ही कॉलेजच्या गेटबाहेर, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला मांडल्या. शिर्डीच्या गाड्यांची रीघ लागलेली. बारा वाजायच्या आत टोपल्या रिकाम्या! आम्ही अक्षरशः नाचलो. योजना सांभाळणारे अर्थशास्त्राचे सर आले, त्यांनी पैशांची पिशवी उचलली आणि त्यांचा चेहराच पडला. पिशवी हलकी, अगदीच हलकी.

"एवढे पेरू गेले कुठे?" त्यांनी विचारलं.

मग एकेक जण कबूल व्हायला लागला. एकाचा मामा फटफटीवरून चालला होता. एकीच्या प्राथमिक शाळेतल्या बाई बसमधून उतरल्या. कंडक्टर कुणाच्या तरी गावचा निघाला. बागेचा पहिला माल, आणि ओळखीच्या माणसाकडून पैसे घ्यायचे? शोभतं का ते? जो तो वानवळा देत सुटला होता.

आणि सगळ्यांत जास्त पेरू वाटले होते मी. तीच ती, केबिनमध्ये तोंड वाजवणारी.

आम्हाला जमीन नव्हती. गावातल्या बुद्धवाड्यात दोन खोल्या, बस्स. ज्यांच्या मळ्यात आई खुरपायला जायची, त्या मालकीणबाई हंगामात कधी वांगी, कधी हरभरा आईच्या पदरात टाकायच्या. आम्ही जन्मभर वानवळा घेतला. द्यायला आमच्याकडे होतं काय? त्या दिवशी त्याच मालकीणबाई रस्त्याने चालल्या होत्या. मी धावत जाऊन त्यांची पिशवी काठोकाठ भरली. "न्या काकू, आमच्या बागेतले आहेत," म्हणाले. आमच्या बागेतले! त्या पैसे काढायला लागल्या तर मी त्यांचा हात धरला. मग मला धीरच धरवेना. ओळखीचं दिसलं की ओंजळ भरून दे.

सरांना हे सांगताना मला रडू फुटलं. फीचे पैसे मी स्वतःच्या हातांनी वाटून बसले होते. सर चिडले नाहीत. डोक्याला हात लावून हसायला लागले, आणि मग म्हणाले, "उद्यापासून जिथे तुम्हाला कुत्रंही ओळखत नाही तिथे जायचं. राहात्याच्यांनी कोपरगावला, कोपरगावच्यांनी राहात्यात."

झालं! दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या टपावर टोपल्या टाकून आम्ही कोपरगावच्या स्टँडवर. आधी तोंडातून शब्द फुटेना. मग समोरच्या बोरंवालीने डिवचलं, "आगं ए कॉलेजवाली, पेरू काय मुके हायेत का?" मी अशी काही आरोळी ठोकली की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. एकदा लाज गेली ती गेलीच. दोन दिवस घसा बसेपर्यंत ओरडले. सगळ्या टोपल्या विकल्या, पण पहिल्या दिवसाची खोट भरून निघत नव्हती.

रविवारी दुपारी गर्दीतून एक सायकल आली. आण्णा! एवढ्या लांब सायकल मारत आले होते, सदरा घामाने भिजलेला. दोन दिवस वीटभट्टीवर कामाला गेले होते, हे मला आईने सांगितलं होतं.

"कसे दिले?" त्यांनी विचारलं.

मी भाव सांगितला आणि लगेच म्हणाले, "आण्णा, तुम्ही असेच न्या की."

"फुकट न्हेल्यावर तुजी फी कोन भरंन?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "दोन किलो दे. आन् काटा नीट धर."

घासाघीस केली नाही. पैसे माझ्या हातावर ठेवले, पिशवी हँडलला अडकवली आणि गेले. मला इतका राग आला त्यांचा, आणि इतकं भरूनही आलं, की पुढच्या गिऱ्हाइकाला मी सुटे पैसे द्यायलाच विसरले.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांच्या पिशव्या उलट्या केल्या. पगार उभा राहिला होता! अठराही जणांचा! सर म्हणाले, "उद्या फी भर आणि फॉर्म घे. व्यापाऱ्याला मी निरोप देतो."

मी धावतच घर गाठलं. आई चुलीपुढे होती. फॉर्मचं सांगितलं तर तिने पिठाच्या हातांनीच माझं तोंड धरलं. मी म्हणाले, "आता पेरू काढ, तिखटमीठ लावून खाऊ."

"कुटले पेरू?" आई म्हणाली. "तुज्या बापाला इचार. आल्यापासून दारोदार हिंडतोय. मालकीनबाईंच्या हितं जाऊन आला, मास्तरांच्या हितं, समद्या वस्तीत. पोरीच्या कॉलेजातले हायेत म्हनून वाटत सुटला."

आण्णा ओट्यावर पाय पसरून बसले होते. रिकामी पिशवी बाजूला.

"आण्णा, तुम्ही तरी खाल्ला का एक?"

"न्हाई," ते म्हणाले. "घरं लई हुती."