टाकीतलं सोल्युशन आणि आमचे काका

रविवारी बीबी गावाला काकांच्या नव्या घराचं काम बघायला गेले आणि डोकं फिरवून घेऊन परत आले...

अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत प्लंबर गजूभाऊ पाइप जोडत होते. टाकीचं तोंड जेमतेम माणूस आत जाईल एवढं. बाहेर येणारा उग्र वास मी लगेच ओळखला... लोणारला अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते मी.

पीव्हीसी पाइप जोडायच्या सोल्युशनला लोक गोंद समजतात. त्यात टीएचएफ नावाचं ईथर असतं. ते पाइपचं प्लास्टिक विरघळवतं, दोन तुकडे एकजीव करतं आणि उडून जातं. पण बंद टाकीत जाणार कुठे? वाफ हवेपेक्षा जड, तळाशीच साचते... आणि ठिणगी पडली तर भडकते.

काकांना म्हटलं, आधी बाहेरून आत हवा सोडणारा पंखा लावा.

"गजू कित्येक वर्षापासून हेच करून राह्यला. तुही केमिस्ट्री कॉलेजात ठेव, बाई."

मीही हट्टी. म्हटलं, तुमच्या गुडघ्याच्या पट्ट्यातला ताणला जाणारा धागासुद्धा याच ईथरचे रेणू साखळीसारखे जोडून करतात. काकांनी पट्टा वर ओढला आणि चहा मागवला.

तेवढ्यात आतला आवाज थांबला. हाका मारल्या... उत्तर नाही. काका शिडीवर पाय टाकायला निघाले, मी त्यांचा दंड घट्ट धरला. "तुम्ही उतरलात तर दोघांना काढावं लागेल."

शेजारचा कूलर ओढून आणला, जरा लांब ठेवून टाकीच्या तोंडाकडे हवा सोडली. मी ओरडत राहिले, गजूभाऊ, शिडी धरा, वर या... बऱ्याच वेळाने आतून क्षीण "हाव" असा होकार आला.

ते वर आले, वाळूच्या ढिगाजवळ उलटी केली आणि बसले. डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळपर्यंत ठीक झाले.

काका मात्र गावभर सांगत होते, "सकाळपासून उपाशी होता, म्हणून चक्कर आली."

काल गजूभाऊंचा फोन आला. "मॅडम, अमडापूरले टाकीचंच काम हाय. मालकाले म्हटलं, पंखा लावल्याशिवाय उतरत नाही... तेवढी ती वाफेची गोष्ट त्याइले समजून सांगता का?"

त्यांचा फोन स्पीकरवर होता, मालक ऐकत होता. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं... इतक्या मनापासून बऱ्याच दिवसांत शिकवलं नव्हतं.