आवाज खाली गेला तेव्हा

सोळा नोव्हेंबर, रविवार. दादाच्या सुकापूरच्या फ्लॅटमधला फ्रिज बंद करून पुसायला घेतला होता. त्याला जाऊन पाच आठवडे झाले होते. घर आता बंदच राहणार, तर फ्रिज चालू ठेवण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर त्याच्या बारीक अक्षरात तारीख. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या फ्रिजमध्ये शिळंपाकं सापडतं. इथे टाकून द्यावं असं फारसं काही नव्हतं, तरी सगळं टाकायचंच होतं. बाराच्या सुमारास बेल वाजली. दारात साळवी उभे होते. दादाबरोबर वीसेक वर्षं काम केलेले, त्याला 'सर' म्हणणारे. तो गेला तेव्हा ते प्रशिक्षणासाठी परदेशात होते, म्हणून दिवसांनाही येता आलं नव्हतं. घरात दूध नव्हतं. मी कोरा चहा केला, त्यांना एकुलत्या एका रिकाम्या खुर्चीवर बसवलं आणि फडकं हातात घेऊनच बोलत राहिले. जाता जाता ते एक गोष्ट सांगून गेले. ती ऐकली नसती तर हा लेख मी लिहिला नसता, कारण माझा भाऊ काही प्रसिद्ध माणूस नव्हता.

श्रीधर माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही जुन्या पनवेलचे, बाजाराच्या मागच्या आळीतले. तो विमान वाहतूक नियंत्रक झाला तेव्हा आमच्या आळीत कोणालाच ते काय असतं हे कळलं नाही. रनवेवर झेंडे दाखवतो, असं आईने बरीच वर्षं लोकांना सांगितलं आणि त्याने ते कधी दुरुस्त केलं नाही. मला मात्र त्याने नीट समजावलं होतं, कारण मी भांडले होते. माझं काम कंटेनरच्या ट्रेलरचं. कळंबोलीत ऑफिस, गाड्या न्हावा शेव्याच्या बंदरात पाठवायच्या, बोटीची वेळ गाठायची. मी म्हटलं, आमच्या गाड्या गेटवर दोन-दोन दिवस रांगेत उभ्या असतात, तुमचं बरं, आकाश एवढं मोठं आहे. तो म्हणाला, "नलू, तुझी गाडी उभी राहते. माझी राहत नाही."

मग त्याने सांगितलं. आकाश मोठं असलं तरी वाटा ठरलेल्या असतात, आणि सगळ्यांना साधारण एकाच वेळी एकाच धावपट्टीवर उतरायचं असतं. आकाशाचे विभाग पाडलेले. प्रत्येक विभागापुढे दोघं बसतात. एक वैमानिकांशी बोलतो, दुसरा शेजारच्या विभागांशी. विमान एका विभागातून दुसऱ्यात जाताना एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं. मधल्या मधे ते कोणाचंच नाही असा एक क्षणही चालत नाही. एकमेकांच्या वरून जाताना हजार फुटांचं अंतर. गर्दी फार होणार असं दिसलं तर दूरच्या शहरातलं विमान तिथेच जमिनीवर थांबवून ठेवायचं, कारण एकदा वर आलं की त्याला नुसतं फिरवत ठेवता येतं आणि फिरवायला इंधन लागतं. दिलेली प्रत्येक सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची आणि ती बरोबर म्हटली ना हे नियंत्रकाने ऐकायचं. सांगितलं म्हणजे काम झालं असं नाही. ही सवय त्याने घरीही आणली होती. येताना कोथिंबीर आण म्हटलं तर तो म्हणायचा, "येताना कोथिंबीर." वहिनी होती तोवर ती यावर चिडायची. तिच्या मागे त्याची मुलगी गार्गी तसंच बोलायला लागली, मग घरात चिडणारं कोणी उरलं नाही.

एकदा कुटुंबीयांना त्याचं नियंत्रण केंद्र दाखवायचा दिवस होता. गार्गी दहा वर्षांची असेल. मी मुद्दाम गेले, म्हटलं बघू तरी. मला वाटलं होतं आमच्या ऑफिससारखं असेल, फक्त जास्त. आमच्याकडे तीन फोन एकदम वाजतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं. आमचे मालक उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. त्यांचा फोन आला की कानापासून हातभर लांब धरावा लागतो. केंद्रात गेले तर अंधारी, गार खोली. पडद्यांवर हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चिकटलेले आकडे, आणि हेडफोन लावून बसलेली माणसं देवळात पोथी वाचावी तशी पुटपुटत होती. दादाने माझ्या कानाला हेडफोन लावला. पाच मिनिटं ऐकलं आणि माझ्याच हाताला घाम सुटला. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा तयार, तिसरा उतरायला मागतोय, चौथ्याला वळायचंय. त्यातल्या प्रत्येक ठिपक्यात दीडशे-दोनशे माणसं. आणि आवाज मात्र सगळ्यांचे रेल्वेच्या चौकशी खिडकीवर असतात तसे. मी बाहेर आल्यावर म्हटलं, इथे कोणाला घाई नाही वाटतं. गार्गी हसली. का हसली ते तेव्हा विचारलं नाही.

दादाच्या नोकरीतला एक वाईट दिवस मला माहीत होता. पावसाळ्यातली दुपार. ढग असे माजलेले की प्रत्येक वैमानिक आपली वाट सोडून वळसा मागत होता. दादाने एका विमानाला वळायला परवानगी दिली, आणि ते ज्या रेषेवर येणार तिथे त्याच उंचीवरून दुसरं येतंय हे त्याच्या ध्यानातून क्षणभर निसटलं. क्षणभरच. मग त्याने एकाला खाली आणलं, दुसऱ्याला वळवलं. अंतर नियमात बसेल इतकं राहिलं. कुठला इशारा वाजला नाही, वैमानिकांनी तक्रार केली नाही. गप्प बसला असता तर कोणीही विचारलं नसतं. त्याने त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने अहवाल लिहून दिला. पुढे काही महिने त्याला माईकपासून दूर ठेवलं, पुन्हा परीक्षा घेतल्या, बढतीची वेळ निघून गेली. मी त्याला चांगलंच झाडलं होतं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतलास, असं विचारलं होतं. तो म्हणाला, "उद्या त्याच खुर्चीवर दुसरं कोणी बसेल. मी लिहिलं नाही तर त्याला कसं कळणार?" मला ते पटलं नाही. पटलं नाही हे मी बोलूनही दाखवलं.

निवृत्त झाल्यावर तो सुकापूरला राहायला आला, माझ्यापासून वीस मिनिटांवर. गार्गी पुण्याला नोकरीला. तो सकाळी फिरायचा, दुपारी वाचायचा, आणि उलव्याकडच्या नव्या विमानतळाची गोष्ट निघाली की दोन विमानतळ इतके जवळ असल्यावर वाटा कशा विणाव्या लागतील हे समोरच्याला कंटाळा येईपर्यंत सांगायचा. तब्येतीची तक्रार नव्हती. निदान आमच्यापर्यंत आलेली नव्हती.

तो शुक्रवार होता. दुपारी सव्वातीनला त्याचा फोन आला. त्याच वेळी दुसऱ्या फोनवर मालक ओरडत होते, "ताई, गेट बंद व्हायला आला, आपली गाडी अजून बाहेरच हाय. आज आत नाय गेली तर बोट सुटंल, तुमी कायतरी करा." दादा म्हणाला, "नलू, मी बोलतोय. तू कुठे आहेस?" मी म्हटलं, ऑफिसात, बोल पटकन. तो म्हणाला, "मोकळी झालीस की घरी ये. दार उघडं ठेवतोय." मी म्हटलं, तासाभरात येते. तो म्हणाला, "तासाभरात." आणि फोन ठेवला.

मी फोनाफोनी करून गाडी गेटच्या आत घातली, मगच निघाले. पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दार उघडं होतं. तो खुर्चीत बसलेला होता, चष्मा काढून बाजूला ठेवलेला... डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा मोठा झटका. मी विचारलं, अर्धा तास आधी आले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही.

गार्गी रात्री पोचली. तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच की बाबा फोनवर काय बोलले. मी सांगितलं, घरी ये म्हणाला, बाकी काही नाही, नेहमीसारखा बोलला. तिने विचारलं, "आवाज कसा होता?" मी म्हटलं, शांत. मग तेराव्याला तिने पुन्हा विचारलं. मग पुण्याहून फोन करून एकदा. "शांत म्हणजे कसा, आत्या?" तेव्हा मी जरा तोडूनच बोलले, की शांत म्हणजे शांत, त्याला त्रास झाला नाही, तू तेच तेच उगाळू नकोस. तिला बरं वाटावं म्हणूनच हे मी सांगत होते, आणि ते खरं आहे अशी माझी खात्रीही होती. दार उघडं का ठेवतोय हे मी त्याला विचारलं नाही, एवढंच मी तिला सांगितलं नाही.

त्या रविवारी साळवींनी त्या पावसाळी दुपारचा विषय काढला. ते दादाच्या शेजारीच बसलेले होते. मला वाटलं, अहवालाचं सांगतील, ते तर मला माहीत होतं. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला सरांचा तो आवाज माहीत असेल ना?" मी म्हटलं, कुठला आवाज? ते म्हणाले, "बाकीच्यांचा आवाज अडचणीत चढतो. सरांचा खाली जायचा. हळू व्हायचे, एकेक शब्द सुटा. तो आवाज कानावर आला की आम्ही आपापलं बोलणं थांबवायचो आणि सुपरवायझर उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहायचा. सरांनी जन्मात कोणाकडे मदत मागितली नाही. आवाज खाली गेला म्हणजे मागितली, असं आम्ही धरून चालायचो."

मी हातातलं फडकं बेसिनमध्ये ठेवलं. त्या फोनचा प्रत्येक शब्द मला पाठ होता. पाच आठवडे तो मी मनात वाजवून पाहत होते. मोकळी. झालीस. की. घरी. ये. मालकांच्या आवाजाखाली दादाचा आवाज इतका बारीक होता की मी फोन कानावर दाबून धरला होता. वीस माणसांच्या खोलीत जे सगळ्यांना कळायचं ते त्याच्या सख्ख्या बहिणीला कळलं नव्हतं. माझ्या कानांना तीस वर्षं एकच शिकवण मिळाली होती, जो ओरडत नाही त्याचं काम थांबू शकतं. साळवींनी विचारलं, काय झालं ताई? मी काही नाही म्हटलं आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आले.

नंतर फ्रिज पुसून झाला. रागही आला, हे लिहायला हवं. माझा आला तसा त्याचाही. त्याला सरळ सांगता आलं असतं, नलू, छातीत दुखतंय, आत्ताच्या आत्ता ये. विमानात तशी वेळ आली तर तीनदा उच्चारायचा शब्द ठरलेला असतो, हे त्यानेच मला शिकवलं होतं. शेवटच्या माणसापाशीसुद्धा त्याने तो वापरला नाही. समोर आपलीच खोली ऐकते आहे, असं धरून चालला. चूक दोघांची होती. पण त्याची चूक सांगायला तो नव्हता, आणि माझी सांगायची की नाही हे मला एकटीला ठरवायचं होतं. गार्गी 'शांत' या एका शब्दावर पाच आठवडे काढत होती. तो काढून घेतला तर तिच्याकडे काय उरणार होतं? आणि नाही काढला तर ती विचारत राहणार होती, मी खोटं बोलत राहणार होते, आता तर माहीत असून. पूर्वी केलेलं खोटं नव्हतं, चूक होती. इथून पुढचं खोटं असणार होतं. फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. फोनवर आवाजाचं काय होतं ते मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेल स्टँडवरून पावणेसहाची पुण्याची एसटी धरली. गार्गीच्या दारात पोचले तेव्हा ती ऑफिसला निघायच्या तयारीत होती, केस ओले. मला पाहून घाबरली. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, आत जाऊन बसले असते तर जमलं नसतं. सव्वातीनला फोन आला. तो काय बोलला, शब्दाला शब्द. मी काय बोलले. किती वाजता निघाले, का उशीर केला, किती वाजता पोचले. आवाज खाली गेलेला होता, शब्द सुटे होते, आणि मला ते कळलं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने पर्समधून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. त्या शुक्रवारची यादी होती. 'बाबा', तीन वाजून अकरा मिनिटं, न उचललेला.

"मी मीटिंगमध्ये होते," ती म्हणाली. "नंतर करते म्हटलं. तुझ्याशी बोलताना आवाज नेहमीचा असेल तर मला फोन केला तेव्हा बाबा बरे असतील, म्हणून विचारत होते... मी उचलला असता तर मला कळलं असतं, आत्या. दोन शब्दांत कळलं असतं."

कळलं असतं, हे खरं होतं. पुढचं तिने विचारलं, तो वाचला असता का. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं, तिला हलकं वाटलं असतं. मी म्हटलं, "सांगता येत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिने मान हलवली, फोन उलटा करून दाराशेजारच्या टेबलावर ठेवला आणि मला हाताला धरून आत घेतलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू सकाळपासून काही खाल्लंयस का?"

एरवी मी खाल्लंय म्हटलं असतं. खाल्लं नव्हतं. तसं सांगितलं.