रोवणीपासूनचे दिवस

जयभीम झाला, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाळी कधी आली होती?" जीपमध्ये असो की बाजारात. शेजारचे बाप्ये माना वळवायचे, सासवा डोळे वटारायच्या, ही आपली ढिम्म. नागभीडकडच्या उपकेंद्रात मी नर्स होते आणि ती गावची आशाताई. गावानं तिचं नाव पाडलं होतं पाळीवाली बाई, आणि तिला त्याची काडीची लाज नव्हती.

तारखा कोणाला आठवत नसत, म्हणून ती धानावर दिवस मोजायची. अमकीची पाळी पऱ्हे टाकताना, म्हणजे रोपांसाठी धान पेरताना, तमकीची रोवणीत, ती रोपं चिखलात लावताना, आणखी कोणाची कापणीत. मला हसू यायचं.

गावातल्या मंगलाला तिनं दोन वर्षं माझ्याकडे आणलं. पाळीत ती पोरगी धानाच्या बांधीतच, शेतातल्या चिखलात, आडवी व्हायची. दोनदा गर्भ पडला होता. आम्ही काय दिलं? पांढऱ्या गोळ्या, लाल गोळ्या, आणि बाईच्या जातीला एवढं चालायचंच हा फुकटचा सल्ला. "चालतच नाई ना सिस्टर थे, पडून राह्यते," बाई म्हणायची. तालुक्याला सोनोग्राफीचं मशीन होतं, चालवणारा डॉक्टर नव्हता. चादर घालून झाकलेलं ते मशीन आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दिवाळीनंतर मंगला पुन्हा गरोदर म्हणून आली. पोट चाचपलं तर गर्भपिशवी बेंबीपर्यंत लागली. मी कार्डावर लिहिलं, पाच महिने. बाई म्हणाली तीनच. श्रावणात रोवणी संपली तेव्हा पाळी आली होती, मीच तिला बांधीतून उचलून आणलं, असं ती सांगत होती. मी म्हटलं, तुझ्या रोवणीपेक्षा माझा हात शिकलेला आहे. अगदी असंच म्हटलं.

शिमग्याच्या सुमारास कळा सुरू झाल्या. कार्डाप्रमाणे दिवस भरलेले. "सात महिन्याचं हाये सिस्टर, गाडी बोलाव," बाई माझा हात धरून सांगत होती. मी बाळंतपण उपकेंद्रातच केलं. मूठभर पोर, धड रडलंही नाही. मंगलाचं रक्त थांबेना तेव्हा कुठे गाडी बोलावली. ती वाचली, पोर वाटेत गेलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याला एडेनोमायोसिस म्हणतात. गर्भपिशवीचं अस्तर पिशवीच्याच भिंतीत रुजतं, भिंत सुजून जाड होते. म्हणून ते दुखणं, म्हणूनच पोट दिवसांपेक्षा मोठं लागलं. अशा पिशवीत गर्भ पडण्याचा, कळा लवकर येण्याचा, बाळंतपणात रक्त जाण्याचा धोका जास्त. आधी कळलं असतं तर तिला वेळेत इथे आणता आलं असतं, म्हणाल्या. आधी म्हणजे कधी? दोन वर्षं ती बाई आमच्या दारात आणखी काय सांगत होती?

चौकशी झाली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी कागद तयार केला: दिवस पूर्ण, नातेवाइकांनी आणण्यास उशीर केला. बाईनं तो सगळा वाचला आणि परत सरकवला. "सात महिन्याचं होतं साहेब. थे लिहा, मंग सही करतो."

साहेबांनी लिहिलं नाही. महिनाभरात तिचं काम काढून घेतलं, ती ब्रह्मपुरीला लेकीकडे निघून गेली. तिच्या सहीवाचून कागदाचं काही अडलं नाही. एक सही पुरली, ती माझी आहे.