पाणी लावू नकोस

माझा दादा मुका नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोकांचा तसा समज होतो. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीत तो एकतीस वर्षं नोकरी करतोय आणि तिथे दिवसभर बोलत असतो. "श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." एवढं झालं की त्याचा दिवसाचा कोटा संपला. घरी येऊन मिठाची गुळणी धरून बसतो. त्याच्या वाटणीचं सगळं बोलणं मला मिळालंय असं वहिनी म्हणते, आणि दोघं मिळून मला 'तोफ' म्हणतात. म्हणू देत. तोफ नसती तर त्या घरात घड्याळाची टिकटिक सोडून काही ऐकूच आलं नसतं.

अशा माणसाला पन्नाशीत जपानी शाईचित्रांचं वेड लागलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक निवृत्त चित्रकलेच्या बाई रविवारी शिकवायच्या. तरुणपणी कित्येक वर्षं जपानमध्ये राहिलेल्या. हा वाचनालयाच्या कमिटीवर, तिथला पंखा दुरुस्त झालाय का बघायला गेला आणि तिथेच बसला. मग दोन वर्षं नुसते बांबू. घरभर बांबू. मी विचारलं, "अरे, मांडव घालायचाय का?" तर हसला, आणि पुन्हा बांबू काढायला बसला.

त्याचं म्हणणं काय, ते मला वहिनीकडून कळलं. या चित्रात खोडरबर नाही. कागद इतका पातळ की कुंचला टेकला की शाई प्यायला लागतो. एक फटकारा मारायचा तो मारायचा, वर गिरवलं की मेलं. मारताना श्वास रोखायचा. "म्हणजे एक्स-रेच की," मी म्हटलं. वहिनी म्हणाली, "म्हणूनच जमलं असेल."

शाई मात्र वहिनी उगाळायची. बाटलीतली शाई मिळते, पण बाईंची शिस्त वेगळी. काळ्या दगडाला एका टोकाला खळगा असतो, त्यात थोडं पाणी घ्यायचं आणि शाईची कांडी गोल गोल फिरवत बसायचं, वीस मिनिटं, न घाई करता. काम झालं की दगड लख्ख धुवायचा. कारण कालची उरलेली शाई आजच्यात मिसळली की तिच्यातला डिंक कुजतो, आणि अशी शाई कागदाला धरून राहत नाही. वाळलेली दिसते, पण पाणी लागलं की सुटते. वहिनी रोज संध्याकाळी शाई उगाळायची, दादा समोर बसून कागद सरळ करायचा. दोघं एक अक्षर बोलायची नाहीत. मला तिथे पाच मिनिटं बसवायचं नाही.

मग वहिनीच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी वर्तमानपत्राच्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, तपासण्या केल्या आणि शेवटी हात टेकले. म्हणाले, कडेचं थोडं राहील, मधलं जाणार. कधी? "सांगता येत नाही. काही महिने." दादा त्यांच्यासमोर बसला होता आणि एक प्रश्न विचारत नव्हता. सगळे प्रश्न मीच विचारले, आणि एकाचंही उत्तर कामाचं आलं नाही.

त्यानंतर त्यानं बांबू सोडले. एकदम माणूस काढायला बसला. पाठमोरी बाई, मान खाली, हात दगडावर. म्हणजे कोण ते सांगायला नकोच. चार महिने रोज एक कागद, आणि रोज तो कागद कचऱ्यात. आणि एका मंगळवारी ते आलं. सात फटकारे, बास. मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. मानेचा एकच फटकारा होता, पण त्यात वहिनीचा सगळा जन्म होता.

वहिनीनं ते खिडकीशी नेऊन, मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं पाहिलं होतं. पांढऱ्यावर काळं तिला अजून दिसायचं. लगेच मला फोन केला. "मी विचारलं, ही मीच ना हो? तर म्हणाले, हो. मी म्हटलं, मान किती बारीक काढलीत. तर म्हणाले, आहेच. तोफ, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बोलले बघ माझ्याशी. तू लवकर फ्रेम करून दे. माझ्या खुर्चीसमोर लावते. दिसतंय तोवर रोज बघून घेते."

फ्रेमचं दुकान माझंच. अठरा वर्षं झाली. दादा कामावर जाता जाता गुंडाळी घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून म्हणाला, "पाणी लावू नकोस. नुसतं काचेखाली ठेव."

"सुरकुत्या दिसतील."

"दिसू देत."

"अरे पण का?"

"नको लावूस," म्हणाला आणि गेला. कारण सांगायला जीभ झिजते याची! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला शिकवतोय? त्याचे बांबू मी किती वेळा मागून ओले करून, खळ लावून दुसऱ्या कागदावर ताणून दिलेत. एक ठिपका हलला नाही कधी. आणि हे चित्र, जे वहिनी मरेपर्यंत जपणार, ते सुरकुत्यांसकट लावू? मी चित्र पालथं टाकलं आणि पाण्याचा पसरट ब्रश फिरवला.

आधी कडेनं धूर निघाल्यासारखं झालं. मग मान पसरली. मी टिपकागद दाबला, तर शाई टिपकागदाला आली. दोन मिनिटांत सात फटकाऱ्यांचा एक राखाडी ढग झाला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि जमिनीवर बसून रडले.

दुपारी दादा आला. मी म्हटलं, "मार मला, पण काहीतरी बोल." त्यानं तो कागद उचलून नाकाशी नेला. म्हणाला, "शाई शिळी होती. वास आला होता मला."

"मग फेकली का नाहीस?"

"तिनं उगाळली होती."

मला अजून कळेना. मग त्यानं सांगितलं, एवढं लांब मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. दगड काळा, शाई काळी. वहिनीला दगड धुतला गेला की नाही ते आता दिसत नाही. पाणी ओतते, पुसते आणि स्वच्छ झाला असं धरून चालते. तिला सांगितलं असतं तर तिनं कांडी खाली ठेवली असती. चूल गेली, शिवण गेलं, वाचन गेलं. एवढं एकच काम राहिलं होतं. म्हणून तो गप्प बसला आणि शिळ्या शाईनंच काढत राहिला.

"मला तरी सांगायचंस!"

"तुझ्या पोटात राहिलं असतं?"

मी उठून शटर वर ओढलं.

पुढचे दहा दिवस तो जेवणाच्या सुट्टीत, एक्स-रेच्या खोलीत, बाटलीतल्या शाईनं तेच चित्र पुन्हा काढायला बघत होता. चाळीस कागद गेले. प्रत्येकात बाई होती, वहिनी नव्हती. इकडे वहिनीचे दिवसाला दोन फोन. मी आज काच नाही, उद्या पट्टी नाही, अशा थापा मारत होते. शेवटी तो म्हणाला, "ते बिघडलेलंच लाव. आता तिला फरक कळायचा नाही." मलाही तसंच वाटलं, किंवा वाटून घेतलं.

रविवारी सकाळी आम्ही ती फ्रेम तिच्या खुर्चीसमोर टांगली. वहिनी उठली, अगदी जवळ गेली. मान एकदा या बाजूला तिरकी केली, एकदा त्या बाजूला. मग खुर्चीत येऊन बसली.

"गेलं गं," ती म्हणाली. "त्या दिवशी मान स्पष्ट दिसली होती. आज नुसता धूर दिसतोय. पंधरा दिवसांत एवढं उतरलं."

आम्ही सगळा विचार केला होता, पण हा नाही. मला राहवेना. "नाही गं वहिनी! तुझे डोळे नाहीत, चित्रच बिघडलंय! मी पाणी लावलं, माझी चूक!"

तिनं माझा हात थोपटला. "माझ्यासाठी खोटं नको बोलूस. ताजी शाई पाण्यानं पसरत नाही, तुलाही माहितेय. आणि शाई मी उगाळली होती."

मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, ती टेबलाशी गेली, दगड चाचपून घेतला. सकाळीच पाणी ओतून ठेवला होता तिनं, ओला होता. खळग्यात बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट होऊन बाहेर आलं. तिनं ते डोळ्याच्या कडेशी नेलं आणि दादाकडे वळली.

"मी धुते ना हो नीट? स्वच्छ आहे ना?"

मी दादाकडे पाहिलं. त्यानं श्वास घेतला आणि रोखून धरला. हो म्हटलं तर डोळे गेले, नाही म्हटलं तर हात गेले. मी, एवढी तोफ, उगाच भिंतीवरची फ्रेम सरळ करायला लागले.

"स्वच्छ आहे," दादा म्हणाला.

"मग डोळेच," वहिनी म्हणाली, आणि बोट आपल्या पांढऱ्या पदराला पुसून पुन्हा खुर्चीत जाऊन बसली.