अर्ध्या पानाची झेरॉक्स

"ही वही सुरू कुठून होते?"

सरांनी माझी वही दोन बोटांत धरून अख्ख्या वर्गाला दाखवली. नाशिकमधला स्पर्धा परीक्षेचा क्लास. दर शनिवारी वह्या तपासायचे. माझी उजवीकडून उघडायची. पानाच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द नि त्याचे समानार्थी, उजव्या बाजूला उर्दूत अर्थ.

"परीक्षा द्यायला आलीस की फतवे लिहायला?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

दहावीपर्यंत मी उर्दू शाळेत शिकले. मराठी येतं मला, पण इंग्रजी शब्द डोक्यात बसतो तो उर्दूतूनच. अब्बा शिंपीकाम करतात. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही त्यांना. मशीनवर बसून विचारायचे, "बोल, आज का लफ्ज़." मी सांगायचे, टॅसिटर्न, म्हणजे मोजकंच बोलणारा माणूस. पाय थांबवून ते म्हणायचे, "कमगो." झालं. त्याच अर्थाचा रेटिसंटही त्याच ओळीत. दोन्ही शब्द कायमचे पाठ.

त्या शनिवारनंतर मी नवी वही केली. मराठी अर्थांची, डावीकडून उघडणारी. अब्बांनी लफ्ज़ विचारला तर मी म्हणाले, "अब ज़रूरत नहीं." ते खाली मान घालून शिवत राहिले. खरं सांगते, मला तेव्हा बापाचीच लाज वाटत होती.

शब्द काही टिकेनात. मार्क घसरले. झक मारत जुन्या वहीकडे वळले, तीही लपवून, गाईडच्या आत घालून. पुढच्या सराव परीक्षेत इंग्रजीत पहिली आले.

सरांनी बोलावलं. आता आवाजात साखर. "तुझी ती शब्दांची यादी सगळ्या बॅचला देऊ. झेरॉक्स काढून आण. फक्त उर्दूची बाजू कागदाने झाक. उगाच पोरांच्या डोळ्यांत खुपायला नको."

मी गेले. कागदाची पट्टीसुद्धा मीच कापली. पहिलं पान निघालं तसं झेरॉक्सवाले काका म्हणाले, "ताई, अर्धं पान कोरंच येतंय. चालंल का?"

त्या कोऱ्या जागेत माझा बाप होता. माझ्याच हाताने पुसलेला. डोकं भणाणलं. पट्टी फाडली, वही उचलली नि थेट क्लासवर गेले.

"सर, देईन तर अख्खं पान देईन."

"माज आलाय का? उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार."

वही काखेत मारून मी बाहेर पडले.

आता वाचनालयात बसते, मधल्या टेबलावर, वही सताड उघडी टाकून. कुणी वाकून बघतं, कुणी खुर्ची सरकवून लांब बसतं. बसू दे. परीक्षा मी देणारच आहे. पास होऊन साहेब झाले, तरी कुणाच्या सोयीसाठी स्वतःला झाकणार नाही. आणि नापास झाले, तरीही नाही.