धबधब्यावरची निर्जळी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कपडे वाळत घालणं. सिंगापूरला क्लेमेंटी भागात मुलाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. तिथं दोरीवर कपडे वाळवत नाहीत. लांब बांबूत ओले कपडे ओवायचे, चिमटे लावायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खा बांबू बाहेर काढून त्याचं बूड भिंतीतल्या लोखंडी नळीत खोचायचं. मी खिडकीतून वाकून बांबू पेलायचो आणि ती मागून माझी बनियन मुठीत धरून उभी राहायची.

"बनियन फाटली तर काय धरशील?" मी विचारलं.

"देवाला धरीन. आज नाहीतरी त्याच्याशी बोलायचंच आहे."

त्या दिवशी शनिवार होता आणि हरतालिका होती. निर्जळी. आदल्या रात्री जेवली, तांब्याभर पाणी प्याली आणि दाराला कडी घालावी तसं तोंड बंद केलं. लग्न झाल्यापासून तिनं एकही हरतालिका चुकवली नाही. मी ट्रक चालवायचो. ती माझ्या आयुष्यासाठी कोरडी बसायची आणि मी कुठल्यातरी धाब्यावर मटण ओरपत असायचो. मला त्यात कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. बायकांचं बायका बघतात असं आमच्याकडे होतं.

आम्ही मुलाकडे तीन महिन्यांसाठी गेलो होतो. तो कॉम्प्युटरवाला, सून बँकेत. सुनेच्या ऑफिसातल्या लोकांनी सहल ठरवली होती. सिंगापूरचा पूल ओलांडून मलेशियात जायचं, तिथला गाईड घ्यायचा, रानातून चालत धबधब्यापर्यंत पोचायचं. धबधब्याखाली दगडांत पाणी साचून तळी झालीत, त्यांत डुंबायचं. मुलगा कामासाठी हाँगकाँगला होता, तो रविवारी सकाळी येणार होता. तारीख ठरवताना कुणी पंचांग बघितलं नाही. बघितलं तेव्हा आमचे व्हिसा हातात पडले होते.

सून म्हणाली होती, "आई, आपण नको जाऊया."

हिचा चेहरा उलट उजळला. "का नको? पार्वतीनं हे व्रत कुठं केलं? रानातच ना, नदीकाठी वाळूचं लिंग करून? आपण मेलं पाटावर करतो, बांधकामावरची वाळू चाळून. इथं देवानं रानही दिलंय आणि नदीही. मी जाणार."

सुनेचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. फळं आणि कॉफीवर करायची ती उपास. त्या दिवशी तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "मग मी पण करते. तुमच्यासारखीच. पाणीसुद्धा नाही."

मी म्हणालो, "रेडिएटर कोरडा ठेवून घाट चढायला निघाल्या दोघी."

"तुम्ही गप बसा. तुमच्याच आयुष्यासाठी चाललंय."

"माझं आयुष्य मी बघतो. आणि रक्तदाबाची गोळी?"

"पाण्याशिवाय गिळू कशी? उद्या घेते."

गोळी तशीच डबीत राहिली. मी तिला घरात एकदा सांगितलं, बसमध्ये सांगितलं, रानाच्या तोंडाशी सांगितलं. ऐकायची नाही ती. माझ्या आयुष्याबद्दल तिला जेवढी खात्री होती तेवढी स्वतःच्या अंगाबद्दल चौकशीसुद्धा नव्हती.

त्या दिवसांत समुद्रापलीकडे सुमात्रात कुठंतरी रानं पेटवलेली होती. त्याचा धूर सगळीकडे पसरला होता. बस पुलावर आली तेव्हा सूर्य वर आला होता, पण न घासलेल्या तांब्याच्या पळीसारखा. त्याच्याकडे सरळ डोळे लावून बघता येत होतं. मला ते आवडलं नाही. सूर्याकडे असं बघता येऊ नये.

गाईड चिनी माणूस, पन्नाशीचा, गळ्यात टॉवेल. रान सुरू व्हायच्या आधी त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं आणि बराच वेळ बोलला. सून आम्हाला मराठीत सांगत होती. तळ्यात उतरल्यावर वरच्या पाण्यावर नजर ठेवायची. पाणी गढूळ झालं, त्यात पाला आणि काड्या दिसल्या, की चपला, पिशव्या सगळं सोडून आधी बाहेर यायचं. डोंगरावर पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. मागे माणसं गेलीत.

"याला पाण्याचीच भीती दिसते," मी म्हणालो.

मग त्यानं प्रत्येकाला पाण्याच्या दोन-दोन बाटल्या दिल्या. हिनं आपल्या बाटल्या माझ्या पिशवीत कोंबल्या. "तुम्हाला लागतील."

रान म्हटलं की आपल्याकडे वारा असतो. इथं पान हलत नव्हतं. झाडं इतकी उंच की वर बघताना टोपी पडावी, आणि खाली झाकण घालून भाजी वाफवावी तशी वाफ. वाटेवर मुळं आडवी पसरलेली. किड्यांची किरकिर एवढी की कानात सुई घातल्यासारखं व्हायचं, आणि मध्येच सगळं एकदम थांबायचं. कशामुळे थांबायचं ते कळायचं नाही. थांबलं की गाईडही थांबायचा, मान तिरकी करून ऐकायचा, मग पुढे व्हायचा.

अर्ध्या वाटेत गाईडनं हिच्या पायाकडे बोट दाखवलं. घोट्याला जळू लागली होती, पिऊन टम्म फुगलेली. हिला पत्ताच नव्हता.

"पिऊ दे बिचारीला," ही म्हणाली. "तिचा कुठं उपास आहे."

सून खळखळून हसली. मीही हसलो. गाईडनं नखानं जळू काढून टाकली. रक्त थोडंसंच आलं आणि थांबलं.

मी हिच्या मागून चालत होतो. सगळी माणसं भिजून चिंब झाली होती. गाईडचा शर्ट पिळून काढावा असा. सुनेची टिकली घामानं घसरून गालावर आली होती. आणि हिची पाठ कोरडी. सकाळी निघाल्यावर ब्लाउज ओला होता, तो आता वाळला होता. मी पुढे होऊन तोंड बघितलं. कपाळावरचं कुंकू जसंच्या तसं, कडासुद्धा फुटल्या नव्हत्या. चेहरा मात्र चुलीपुढे बसल्यासारखा लाल.

"तुला घाम येत नाही," मी म्हणालो.

"बरं आहे की. साडी खराब होत नाही."

"परत फिरू या."

"अहो, पाण्याचा आवाज येतोय. ऐका."

येत होता. वळण घेतलं आणि धबधबा दिसला. फार मोठा नव्हता. काळ्या कातळावरून दोन-तीन टप्प्यांत उतरत होता आणि प्रत्येक टप्प्याखाली एक तळं. तळाचा दगड दिसावा इतकं स्वच्छ पाणी. ऑफिसातली पोरं-पोरी ओरडत पाण्यात पडली. ओंजळी भरून एकमेकांवर उडवत होती, तोंड उघडून धारेखाली उभी राहत होती.

ही काठावर बसली. पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली. पाण्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची वाळू वर काढली आणि खडकावर लिंग केलं. सून शेजारी बसून मदत करत होती. वाळू ढासळायची, परत करायच्या. गाईड वरच्या टप्प्यावर उभा राहून पाण्याकडे बघत होता, पाला येतो का, काड्या येतात का. मी हिच्याकडे बघत होतो. पाणी तिच्या बांगड्यांवरून वाहत होतं आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. आयुष्यात मी पुष्कळ तहानलेली माणसं बघितली, पण पाण्यात हात बुडवून तहानलेलं माणूस तेवढंच.

पूजा करताना तिनं एक मंत्र दोनदा म्हटला. सुनेनं सांगितल्यावर तिसऱ्यांदा म्हटला.

मग मी उठलो आणि गाईडकडे गेलो. मला इंग्रजी येत नाही. मी हिच्याकडे, मग सुनेकडे बोट दाखवलं, बाटलीकडे दाखवलं आणि हात हलवला, नाही, नाही. त्याला लगेच कळलं. उड्या मारतच खाली आला, हिच्या मनगटाला हात लावला आणि त्याचं तोंड उतरलं.

"आंटी, यू ड्रिंक. नाऊ, लाह! नाऊ!"

सुनेला त्यानं आधी धरलं. ती जवळच होती. तिनं नाही म्हटलं तर हा ओरडलाच. ती घाबरून दोन घोट प्याली आणि रडायला लागली.

"तू पी गं पोरी," ही तिला म्हणाली. "तुझं वय आहे. तुला काही दोष लागत नाही." मग गाईडच्या हातून बाटली घेतली, चांगला मोठा घोट तोंडात घेतला, त्याच्याकडे बघून मान हलवली. तो निश्चिंत झाला. टॉवेल भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला आणि बाकीच्यांना बाहेर बोलवायला गेला. त्याची पाठ फिरल्यावर तिनं खडकामागे तोंड मोकळं केलं.

"गिळ!" मी ओरडलो. "तुझ्या देवाची शपथ आहे तुला, गिळ!"

"ओरडू नका, लोक बघतात. अर्धा दिवस तर गेला. अजून थोडा राहिलाय."

मी बाटली तिच्या तोंडाला लावली. तिनं दात आवळले. पाणी हनुवटीवरून वाळूच्या लिंगावर पडलं, ते एका बाजूनं खचलं, आणि ती माझ्याकडे अशी बघत राहिली की माझा हात खाली आला.

उतरताना ती बडबडायला लागली. सुनेला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मला विचारलं, "गाडी कुठं लावलीय? माल उतरवून झाला का?" मी म्हणालो, झाला. "मग जेवून घ्या," म्हणाली. सून आणि गाईड तिला दोन्हीकडून धरून चालत होते. गाईड म्हणत होता, इथंच जवळ दवाखाना आहे, तिकडे नेऊ. ती एकच बोलायची, घरी, घरी. बसमध्ये टॉवेल ओले करून अंगावर टाकले तेव्हा जरा डोळे उघडले, सुनेचं नाव बरोबर घेतलं. आम्हाला वाटलं, उतरलं. बस सरळ निघाली.

पुलावर गाड्यांची रांग होती. बस मुंगीसारखी सरकत होती. धुरामुळे सिंगापूर दिसत नव्हतं, नुसते दिवे. तिथं तिचं डोकं माझ्या खांद्यावरून खाली घसरलं. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

पुढचं लांबवत नाही. सिंगापूरच्या बाजूच्या चौकीवर अँब्युलन्स आली. दवाखान्यात बर्फ लावला, सलाइन लावलं. डॉक्टरीणबाईंनी सुनेला सांगितलं, अंगातली उष्णता डोक्यापर्यंत चढलीय. त्याच संध्याकाळी ती गेली. उपास सुटायच्या आत.

नंतर गावाकडे पुष्कळ बायका भेटायला आल्या. अहेव गेली, तीसुद्धा हरतालिकेला, केवढं पुण्य, म्हणाल्या. मी म्हणालो, एवढं चांगलं असेल तर घेऊन जा तुमच्या घरी. तेव्हापासून बायका येत नाहीत.

पण ते नंतरचं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलाच्या फ्लॅटवर, मी मोरीतून तोंड धुऊन बाहेर आलो. गणेशचतुर्थी होती, पण सुतकात कसला गणपती. सून सोफ्यावर बसली होती, कालचेच कपडे, गुडघ्याला चिखल. मुलाचं विमान निघालं होतं. मी तिचे ओठ बघितले. तसेच पांढरे. साल निघालेली.

"पाणी प्यालीस?"

तिनं मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

"तिथं प्यायले तेवढंच." मग तिचा आवाज फुटला. "बाबा, मी मोडला उपास. मी मोडला आणि आई गेल्या. आता ह्यांचं विमान हवेत आहे. मी देवाला सांगितलंय, ते सुखरूप उतरू दे. उतरल्याचा फोन आला की पिते."

मी चप्पल घातली, लिफ्टनं खाली आलो. इमारतीखाली चहा-कॉफीचं दुकान. दुकानदाराला दोन बोटं दाखवली. तिथं चहा प्लास्टिकच्या पिशवीत ओततात, वर दोरी बांधतात, नळी खोचून देतात. दोन पिशव्या बोटांत अडकवून वर आलो. पाण्याची बाटलीही घेतली होती. ती आधी उघडली.

"पी."

"बाबा, फोन येऊ दे ना. थोडाच वेळ राहिलाय."

"फोनच्या आधी पी."

"पण त्यांना काही झालं तर?"

"फोन आल्यावर प्यालीस तर जन्मभर तुला वाटेल, तुझ्या तहानेवर विमान उतरलं. मग पुढच्या वर्षी परत कोरडी बसशील. त्याच्या पुढच्या वर्षी परत. एक दिवस माझ्या मुलाला माझ्यासारखा इथं उभा करशील."

ती रडत होती. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो. गुडघे दुखले, तरी बसलो.

"ती माझ्यासाठी उपाशी मेली," मी म्हणालो. "मी बघ, धडधाकट आहे. असलं आयुष्य मी मागितलं नव्हतं. माझ्या मुलालाही नको. पी."

फोन टीपॉयवर होता. वाजला नव्हता. तिनं दोन्ही हातांनी बाटली धरली आणि तोंडाला लावली. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो. एक घोट खाली उतरला.

"अजून," मी म्हणालो.